जोडाशेजारी

उत्तमरावांनी खिशातला खिळा काढला आणि टेबलावरच्या चौकोनी ठोकळ्याच्या कडेला एक ओरखडा ओढला. ओरखडा पांढरा उमटला. त्यांनी ठोकळा तळहातावर तोलून पाहिला, शेजारची तांब्याची नळी दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही वस्तू पुन्हा जागेवर ठेवल्या.

"जमायचं न्हाई," ते म्हणाले.

सम्राट खुर्चीत डोळे मिटून बसला होता. पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला जाऊन तो आत्ताच परतला होता. आठवड्यातली ही दुसरी खेप. पहिल्या वेळी दुकानदाराने दिलेली रॅम मदरबोर्डाच्या खाचेत बसलीच नव्हती.

"आता काय झालं, बाबा?"

"ठोकळा ॲल्युमिनियमचा, नळी तांब्याची. दोघांतनं एकच पानी फिरनार. सा महिन्यात ह्या ठोकळ्याची पांढरी भुकटी हुईल."

"देणारा तर म्हणाला, चालेल."

"चालेल म्हंजे काय? त्याच्या घरी चालनार हाय का?"

सम्राटने डोळे उघडले. पुण्याच्या दुकानदारांना हा एकच शब्द येतो, असं त्याचंही मत झालं होतं. हे कार्ड त्या बोर्डावर बसेल का? चालेल. ही केबल पुरेल का? चालेल. मग श्रीरामपुरात येऊन खोकं उघडायचं, खाच एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे, की पुन्हा एसटीडी बूथवर उभं राहायचं. तो पार कंटाळला होता. त्यात मे महिना, दुपारचे तीन आणि बसस्टँडमागचा हा पत्र्याचा गाळा.

ऑर्डर घेताना त्याला वाटलं होतं, आठ दिवसांचं काम आहे. खर्ड्याला लग्नाच्या शूटिंगचा एक स्टुडिओ होता. तिथल्या कॉम्प्युटरवर कॅसेटचं मिक्सिंग व्हायचं. नवरीच्या मागे फुलं उमलवायची, बदामाच्या आकारातून जोडप्याचे चेहरे बाहेर काढायचे, असली कामं. थंडीत सगळं बरं चालायचं. एप्रिल लागला की पत्र्याखालचं मशीन तापायचं आणि साठ-पासष्ट टक्क्यांवर येऊन हँग व्हायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. ऐन लग्नसराईत नवरीकडची माणसं स्टुडिओच्या दारात ठाण मांडून बसायची. दोनाचे चार पंखे लावून झाले. तेही गरम हवाच फिरवायचे. म्हणून सम्राटने एका परदेशी मासिकात वाचलेली युक्ती काढली होती. प्रोसेसरवर धातूचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पंपाने पाणी फिरवायचं आणि उष्णता त्या पाण्याबरोबर बाहेर न्यायची. पंप डेझर्ट कूलरचा मिळाला. नळी फ्रिजवाल्याने दिली. जोडकाम मात्र सम्राटच्या हातचं नव्हतं. ते बापाला येत होतं, आणि बापाने आठ वर्षांत पान्याला हात लावला नव्हता. आजसुद्धा ते फक्त बघायला म्हणून आले होते.

उत्तमरावांनी सम्राटची वही ओढली. एकेक भागाचं नाव, त्यापुढे तो कशावर बसतो, कशावर बसत नाही, असं त्याने नीट लिहून ठेवलं होतं. वाचता वाचता ते पानाच्या माथ्याशी आले. तिथे गिऱ्हाइकाचं नाव होतं: हर्षल गहिनीनाथ सुरवसे, खर्डा.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वाचलं.

"ह्यो गहिनीनाथ म्हंजे..."

"आपले गहिनीकाकाच की. बॉयलरवर होते ते. हर्षल त्यांचा मुलगा. माझा पत्ताही काकांनीच दिला म्हणे त्याला."

"मंग मला आधी सांगायचं न्हाई?"

"कधी सांगू? तुम्ही कारखान्याचं नाव तरी काढू देता का घरात?"

उत्तमरावांनी ॲल्युमिनियमचा ठोकळा कागदात गुंडाळला आणि उठले.

"वर्कशॉपवाल्या आबासायबाच्या लेथवर तांब्याचा ठोकळा कापून घेतो," ते म्हणाले. "जोड मी करतो. पन माझं नाव सांगू नको त्यांना."

"का?"

उत्तमराव गाळ्याच्या पायऱ्या उतरूनही गेले होते.

त्या संध्याकाळी विमलबाई स्वयंपाकघरात आल्या, तर स्टोव्हवर पातेलं उकळत होतं आणि शेजारी पाटावर नवरा मनगटावरच्या घड्याळात बघत बसला होता. त्यांनी झाकण काढलं. पाण्यात काळ्या पत्र्यासारखे दोन-तीन तुकडे नाचत होते.

"अगं बाई! रबर शिजवताय व्हय तुमी?"

"पॅकिंग हाय. ठोकळ्याच्या झाकनाखाली बसवायचं. दोन तास उकळून बघतो, फुगतंय का."

"माझंच पातेलं घावलं का? निवृत्त झालेल्या मान्साला घरात ठेवू नये म्हनतात ते काय खोटं न्हाई."

त्या बोलल्या हसूनच, पण नवऱ्याचं तोंड बघून हसू आवरलं.

"खर्ड्याला जानार हाय ते मशीन," उत्तमराव म्हणाले. "गहिनीच्या घरी."

विमलबाईंनी झाकण हळूच परत ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

त्यांना सगळं ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी साखर कारखान्यात गाळपाच्या सीझनच्या आधीची दुरुस्ती संपत आली होती, आणि वाफेच्या लाईनचा एक जोड उत्तमरावांनी केला होता. बॉयलर हाऊसमध्ये एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. ज्याने जोड केला, त्याने पहिला दाब सोडताना जोडाशेजारी उभं राहायचं. आपल्या कामाची खात्री आपल्या अंगावर घ्यायची. गळालाच, तर पहिली वाफ ज्याच्या त्याच्या तोंडावर. त्या दिवशी दाब सोडायच्या वेळेलाच गेटवरून निरोप आला, मुलगा आलाय, पॉलिटेक्निकच्या यादीत त्याचं नाव लागलंय. उत्तमराव घुटमळले. घराण्यात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. शेजारी गहिनीनाथ होते. दोघांनी बावीस वर्षं एका पाळीत काढलेली. ते म्हणाले, "जा, जा. पोराला भेटून ये. मी उभा राहतो."

उत्तमराव गेटवर पोचले, पोराच्या हातचा पेढा तोंडात घातला आणि मागे धोक्याचा भोंगा वाजला.

स्टोअरमधून चुकीचं पॅकिंग आलं होतं. पाण्याच्या लाईनचं; वाफेपुढे ते टिकलं नाही. चिठ्ठीवर बरोबर लिहिलेलं होतं, म्हणून उत्तमरावांनी वस्तू हाताळून बघितली नव्हती. चौकशीत चूक स्टोअरची ठरली. गहिनीनाथांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि ते नोकरी सोडून गावी गेले. उत्तमरावांनी साहेबांच्या हातापाया पडून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वस्तू खिळ्याने खरवडून, वास घेऊन, वाकवूनच बाहेर दिली. पोरं चेष्टा करायची की उत्तमराव मिठाची पुडीही चिठ्ठीशी ताडून घेतील. ते हसायचे नाहीत.

"त्यांना एकदा भेटायचं हुतं तुमी," विमलबाई म्हणाल्या.

"गेल्तो की. नगरच्या दवाखान्यात. दारातनं हात दिसला त्याचा, अन् माघारी फिरलो." त्यांनी पातेल्यातल्या रबराकडे बघत म्हटलं, "मला लई लाज वाटती, विमल. आठ वर्सं झाली, वाटायची कमी हुईना. आन् आता ह्यो जोडबी गळला, त्याच्याच दारात, तर मी कुठं जाऊ?"

विमलबाईंनी काही समजूत घातली नाही. घड्याळात बघून त्यांनी विचारलं, "अजून किती शिजवायचंय?"

"तासभर."

"मग मी भाकरी चुलीवर टाकते," असं म्हणून त्या उठल्या.

पुढचे चार दिवस उत्तमराव सकाळी गाळ्यात यायचे आणि ऊन उतरल्यावर जायचे. तांब्याची नळी वाकवायच्या आधी त्यांनी तिच्यात चाळलेली वाळू ठासून भरली, म्हणजे वळवताना ती चेपत नाही. मग घासलेटाच्या जुन्या डब्याभोवती तिचं वेटोळं केलं. ते वेटोळं कुठे ठेवायचं, यावर सम्राट पंखे मोजत बसला होता. उत्तमरावांनी कुंभारआळीतून एक नवा माठ आणला.

"ह्यात सोड. वरनं माठाचं पानी, आतनं तुझं पानी. दोघांची गाठ पडायची न्हाई. माठ गार, तर नळी गार."

"कॉम्प्युटरला माठ?"

"का? त्याला तहान लागत न्हाई?"

चार दिवसांत सम्राट त्या वेळी पहिल्यांदा हसला. ठोकळ्यातून फिरणारं पाणी मात्र उत्तमरावांनी बॅटरीवाल्याकडून आणवलं, डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्याचे क्षार आठवड्यात नळी बुजवतील, म्हणाले. झाकणाचे चार स्क्रू त्यांनी समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. आवळून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासले. सम्राटने ते पाहिलं आणि वहीत डोकं घातलं.

ठोकळा बोर्डावर बसवायच्या आधी त्यांनी तो दिवसभर नुसत्या पाण्यावर चालवून पाहिला. एक थेंब आला नाही. तरी घरी जाताना ते दोनदा परत आले.

हर्षलचा फोन आला, की त्याला रोज एक लग्न आहे, तेव्हा वडील जीप घेऊन येतील आणि समोर चालवून बघूनच मशीन नेतील. बुधवारी दुपारी बाराला जीप गाळ्यापुढे थांबली. उत्तमराव मागच्या बाजूला खोक्यांच्या आडोशाला वाळू पुन्हा चाळत बसले होते. तिची आता कशालाच गरज नव्हती.

गहिनीनाथ आत आले. केस सगळे पिकलेले, डोक्यावर टोपी, धोतर. उजव्या हाताची कातडी बोटांपासून कोपरापर्यंत चकचकीत आणि आकसलेली होती, आणि दोन बोटं वाकडीच राहिली होती. त्यांनी सम्राटच्या डोक्यावरून डावा हात फिरवला, पाणी प्यायले आणि मशीनपुढे येऊन उभे राहिले. उघडं कॅबिनेट, आत तांब्याचा ठोकळा, दोन पारदर्शक नळ्या, खाली तिवईवर माठ. ते बराच वेळ बघत राहिले.

"जोड कोनाचा हाय?"

सम्राट मागच्या खोक्यांकडे न बघता म्हणाला, "एक ओळखीचे फिटर आहेत, काका. त्यांनी..."

"माझा हाय," मागून आवाज आला.

उत्तमराव खोक्यांच्या आडून बाहेर आले. हाताला वाळू होती, ती त्यांनी धोतराला पुसली. गहिनीनाथांनी त्यांच्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे कमी आणि हाताकडे जास्त. गाळ्यात पत्रा तापल्याचा तडतड आवाज तेवढा येत होता.

"मंग उभा राहा," गहिनीनाथ म्हणाले.

उत्तमराव टेबलाशेजारी जाऊन उभे राहिले. सम्राटने पंप चालू केला, मग मशीन. खर्ड्यातल्याच एका लग्नाची कॅसेट हर्षलने पाठवली होती. तिचं मिक्सिंग लावून दिलं. गाळ्यातला पंखा उत्तमरावांनी मुद्दाम बंद करायला लावला. खर्ड्याच्या पत्र्याखाली जसं तापतं, तसंच तापू दे, म्हणाले. पडद्यावर आकडा सरकू लागला. दोन टक्के. तीन टक्के.

गहिनीनाथ स्टुलावर बसले. सम्राटने दोनदा वडिलांना खुर्ची दिली. ती त्यांनी पायाने मागे सारली. अर्ध्या तासाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. एक वाजला, दीड वाजला. लाईट गेली नाही, हे एक नशीब. कॅबिनेटच्या तळाशी, ठोकळ्याच्या बरोबर खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद ते वाकून वाकून बघत होते.

"खुर्चीत बसूनही दिसतं, बाबा," सम्राट न राहवून म्हणाला. "तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"राहू दे त्याला उभं," गहिनीनाथ म्हणाले. "आमची रीत हाय ती. ज्याचा जोड, त्यानं उभं राहायचं. त्या दिवशीबी तोच राहनार हुता. तू पेढे घेऊन आलतास गेटावर, म्हनून मीच पाठवला त्याला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. झालेली गोष्ट सांगावी, तसं सांगितलं. सम्राट मात्र जागच्या जागी थांबला. त्याने वडिलांकडे पाहिलं. आठ वर्षं सम्राट तो दिवस आपल्या ॲडमिशनचा दिवस म्हणून लक्षात ठेवत आला होता. त्याला एवढंच आठवत होतं, की बाबांनी पेढा पुरता खाल्लाही नाही आणि पळत आत गेले. उत्तमरावांनी त्याची नजर चुकवली आणि पुन्हा कागदाकडे वाकले.

आकडा एकसष्टवर आला होता.

आणि त्यांना कागदावर डाग दिसला. बोटाच्या पेराएवढा, ओला, अगदी ठोकळ्याच्या खाली.

"बंद कर!" ते ओरडले. "बंद कर, गळतंय!"

सम्राटचा हात बटणाकडे गेला.

"थांब रे," गहिनीनाथ उठले.

ते टेबलापाशी आले. वाकड्या बोटांचा उजवा हात त्यांनी कॅबिनेटमध्ये घातला आणि ठोकळ्याच्या खालून हळूहळू फिरवला. आधी झाकणाच्या कडेने, मग नळीच्या दोन्ही क्लिपांवरून. हात बाहेर काढून उजेडात धरला. मग कागदावरच्या डागावर बोट टेकवलं आणि बोट जिभेला लावलं.

"खारट हाय," ते म्हणाले.

"बॅटरीचं पानी कधी खारट असतं का, येड्या? घाम हाय तुझा. कपाळावरनं पडलाय. बघ, जोड खडखडीत हाय."

आणि तो भाजलेला, कोरडा तळहात त्यांनी उत्तमरावांच्या डोळ्यांपुढे धरला.

उत्तमरावांनी तो दोन्ही हातांत घेतला. तो हात त्यांनी आठ वर्षं नीट पाहिलाही नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, सगळ्यांसमोर. ते त्यांनी पुसलंही नाही. गहिनीनाथांनी त्यांना थोडा वेळ तसंच रडू दिलं.

मग हात सोडवून घेत ते म्हणाले, "बास. जा, च्या पिऊन ये. मी उभा राहतो."

उत्तमराव दचकले. त्यांनी मान हलवली. न्हाई, न्हाई.

"जा म्हनलं ना. तोंड बघ कसं झालंय. जा."

गहिनीनाथ टेबलाशेजारी त्यांच्या जागेवर जाऊन उभे राहिलेसुद्धा. उत्तमराव दारापर्यंत गेले, थांबले, वळले. गहिनीनाथांनी डाव्या हाताने त्यांना घालवल्यासारखं केलं. तेव्हा कुठे ते पायऱ्या उतरले.

चहाची टपरी रस्त्यापलीकडे होती. त्यांनी तीन कप सांगितले आणि गाळ्याकडे पाठ करून उभे राहिले. चहावाल्याने बाकडं फडक्याने पुसून दिलं; त्यांना बसवेना. स्टँडवरून गाड्यांची नावं पुकारल्याचा आवाज येत होता. चहाला एक उकळी आली, दुसरी आली. कान मागेच होते. आवाज काही येत नव्हता, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं. किती वेळ गेला, त्यांना सांगता आलं नसतं. तिघांचा चहा उकळून आटला, चहावाल्याने त्यात पुन्हा पाणी घातलं.

"बाबा!"

मागून हाक आली. ते गर्रकन वळले. सम्राट रस्ता ओलांडून पळत येत होता, तसाच, हात वर करून, त्या दिवशी गेटवर आला होता तसा. उत्तमरावांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. गाळ्याचं दार सताड उघडं होतं. आत धूर नव्हता, धावपळ नव्हती. गहिनीनाथ टेबलाशेजारी उभे होते आणि माठावरचं झाकण उचलून आत डोकावत होते.

"झालं बाबा, पूर्ण झालं! शंभर टक्के. कुठेही अडकलं नाही." सम्राटला दम लागला होता. तो वडिलांपुढे उभा राहिला. त्याने वडिलांच्या कोपराला धरलं. "काका म्हणाले, त्यांना सांग, घाई करू नको म्हणावं. मी आहे इथं."

चहावाल्याने कप पुढे केले. उत्तमराव बाकड्यावर बसले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने पुसली.

"बस," ते सम्राटला म्हणाले. "पेढा राहिलाय तुझा अर्धा. आज निदान च्या तरी पुरता पितो."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत सावकाश प्यायला लागले.